कढीपत्त्याच्या अळ्या ही पण बातमीच की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र छापून आलं होतं, की आजकाल लोकांना काम नाही, उठलं की ग्रुपवर मांजराचा फोटो, कुंडीतल्या फुलाचा फोटो, आज काय भाजी केली त्याचा फोटो, आणि ह्यालाच लोक बातमी म्हणायला लागलेत. पत्र वाचून आधी हसले, मग जरा राग आला, मग आमच्या ग्रुपवर टाकलं (फोटो काढून, फॉरवर्ड नाही, त्याचं का ते पुढे सांगते) आणि तिकडे जो काय गोंधळ झाला त्यातून ठरलं की उत्तर द्यायचं. द्यायचं कुणी तर मी, कारण माझं शुद्धलेखन त्यातल्या त्यात बरं आहे असं सगळ्यांचं म्हणणं. तुमच्या प्रूफवाल्यांनी ठरवावं.

तर आम्ही एकवीस जणी. कराडला एका वर्गात होतो, दहावी मार्च १९८४. ज्या नदीकाठी डबे खाल्ले त्या प्रीतिसंगमावर त्याच वर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांना शेवटचा निरोप द्यायला सगळं गाव लोटलं होतं, ती आमची शेवटची एकत्र आठवण, कारण त्यानंतर लग्नं, नोकऱ्या, बदल्या आणि पांगापांग. पुढची तीस वर्षं कोण कुठे आहे ह्याचा पत्ता नाही. २०१४ ला एकीनं खटपट करून नंबर गोळा केले, ग्रुप काढला. आता कोण लातूरला, कोण मिरजेला, एक फोंड्याला, एक इंदूरला, एक न्यू जर्सीला मुलाकडे असते आणि आम्ही चौघी-पाच जणी मुंबई-ठाणे-डोंबिवली पट्ट्यात लोकलला लोंबकळून आता रिटायर झालेल्या. नावं लिहीत नाही, ओरडतील. गावाच्या नावानंच हाक मारतो आम्ही एकमेकींना, फोंडेवाली, इंदूरवाली, तेच इथे.

पहिली दोन-चार वर्षं आमचाही ग्रुप बाकीच्यांसारखाच होता हे कबूल. सकाळी सहाला गुलाबाच्या फुलावर सुप्रभात, मग कुणीतरी म्हणे कोमट पाण्यात अमुक घालून प्या गुडघे दुखायचे थांबतील, मग एक व्हिडिओ की हा मेसेज वीस जणांना पाठवा. एकवीस बायका, तीस वर्षांनी भेटलेल्या, आणि बोलतोय काय तर बहुतेक दुसऱ्यानं लिहिलेलं तिसऱ्याला ढकलतोय.

ते बंद झालं २०१८ ला. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठार मारलं, मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून मोबाईलवर अफवा फिरत होती त्यातून. सोलापूरकडची माणसं होती, मंगळवेढ्याच्या बाजूची. तुमच्या पेपरात पण पहिल्या पानावर होतं. आणि साहेब, लाज वाटते लिहायला पण तसलाच एक मेसेज त्याआधी पंधरा दिवस आमच्या ग्रुपवर पण येऊन गेला होता, 'सावधान' म्हणून, आणि आम्ही तिघी-चौघींनी तो पुढे पाठवला होता, काळजीपोटीच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. आमच्या मिरजवालीनं ग्रुपवर लिहिलं की त्यांचं पाच असेल, आपलं शून्य. इथे फक्त स्वतःच्या घरातलं, स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलं टाकायचं. दुसरं काही टाकलं तर एक दिवस ग्रुपबाहेर. आणि खरंच काढते ती, मला दोनदा काढलंय.

आता गंमत अशी की स्वतःच्या घरातलं टाका म्हणल्यावर पहिला आठवडाभर कुणीच काही टाकेना. प्रत्येकीला वाटे माझ्या घरात काय आहे सांगण्यासारखं. मग फोंडेवालीनं एक दिवस लिहिलं, 'आमच्या मांजरीनं माझ्या चपलेत पिल्लं घातली, तीन आहेत, मी अनवाणी फिरतेय'. बस्स. तिथून जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना मला विचारायचंय, तुमच्या आईला माहेरून पंधरा पैशाचं कार्ड येत होतं का हो? आमच्याकडे यायचं. मामा लिहायचा. वर 'श्री', मग क्षेमकुशल, आणि मग मजकूर काय, तर गाय व्याली, कालवड झाली, चीक पाठवता येत नाही वाईट वाटतं, पाऊस बेताचा, मोत्या म्हातारा झाला आता भुंकत नाही, परड्यातल्या आंब्याला मोहोर आलाय. एवढंच. आई ते कार्ड चार वेळा वाचायची आणि चुलीपुढे बसून आम्हाला सांगायची की कालवड झाली. त्यात देशाची बातमी नसायची, ती पेपरात असायची आणि दादा ती वाचून मोकळे व्हायचे. आईची बातमी ती कालवड. आणि वाईट बातमीचं कार्ड असलं की त्याचा कोपरा फाडलेला असायचा, पोस्टमनच्या हातात लांबूनच ते दिसलं की आई मटकन खाली बसायची. म्हणजे कोपरा शाबूत असलेलं प्रत्येक कार्ड म्हणजे आधी एक सुस्कारा आणि मग कालवड. हे आम्हाला आत्ता कळतं. तर ही मांजराची, कुंडीची, भाजीची बातमी आत्ताची फॅशन नाही. कार्ड गेलं, मोबाईल आला, मजकूर तोच आहे.

आणि उपयोग नाही म्हणता? एकदोन सांगते.

इंदूरवालीची कुत्री आहे, नाव शिकंजी. इंदूरची शिकंजी म्हणजे आपलं लिंबूपाणी नव्हे, दाट दुधाची असते, रंग तसाच म्हणून नाव. गेल्या गणपतीत तिनं फोटो टाकला, शिकंजी पाटाखाली बसलीये आणि तोंडाला खोबरं लागलंय, खाली लिहिलं 'प्रसाद आधी हिला पोचला, वाटीभर पंचखाद्य फस्त'. आम्ही सगळ्यांनी हसून घेतलं, कुणी म्हणलं पुण्यवान आहे. पाच मिनिटात न्यू जर्सीवालीचा मेसेज, तिच्याकडे रात्र होती पण ती जागी होती, की पंचखाद्यात खिसमिस होती का? खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि पाचवा ख म्हणजे खिसमिसच की. ती म्हणे अगं बेदाणे, द्राक्षं कुत्र्याला घातक, किडन्या जातात, वाट बघू नकोस, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. इंदूरवालीला खरं वाटेना, कारण कुत्री मजेत शेपूट हलवत होती. पण गेली. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ओकायला लावलं, दोन दिवस सलाईन, रक्त तपासलं. ठणठणीत आहे आता. तो फोटो टाकला नसता तर? आणि हो, कांदा, लसूण, चॉकलेट पण नाही द्यायचं, हे आम्हाला सगळ्यांना आता पाठ आहे, ज्यांच्याकडे कुत्रं नाही त्यांना पण.

दुसरं, फोंडेवालीचंच. त्या चपलेतल्या तीन पिल्लांतलं एक तिरंगी, पांढरं-काळं-पिवळं, अंगानं धिप्पाड, म्हणून तिच्या नातवानं नाव ठेवलं गणपत. वर्षभर आम्ही गणपतच्या खोड्या वाचतोय, गणपतनं सुंगटं (म्हणजे कोळंबी) पळवली, गणपत शेजारणीच्या माटोळीवर चढला. (माटोळी म्हणजे गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि त्याला सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, चिबूड, रानातली कसली कसली फळं बांधतात, एवढी सुंदर असते, तिचे फोटो दरवर्षी ती टाकते आणि दरवर्षी आम्ही जाऊ जाऊ म्हणतो.) तर एके दिवशी ठाणेवालीनं सहज लिहिलं, अगं तिरंगी मांजर बोका नसतंच जवळजवळ, हजारांत एखादा, हा गणपत बाई असणार. फोंडेवाली रागावली, म्हणे मला शिकवू नको. पुढच्या महिन्यात गणपतला चार पिल्लं. आता नाव गणी आहे. ऑपरेशन करून घेतलंय.

आणि एक मात्र हसण्यासारखं नव्हतं. आमच्या एकीनं लिहिलं की गल्लीतल्या भटक्या पिल्लानं पायाला दात लावलेत, थोडंसंच आहे, रक्त पण नाही धड आलं. लगेच दोघींनी हळद लाव, चुना लाव सुरू केलं. आमच्यात एक नर्स होती सरकारी दवाखान्यात, आता रिटायर. तिनं थेट व्हॉइस मेसेज टाकला, ओरडतच होती, की हळद नाही चुना नाही, नळाखाली धर पाय आणि साबण लावून पंधरा मिनिटं धू, घड्याळ लावून, आणि मग सरळ दवाखान्यात जाऊन रेबीजचं इंजेक्शन, आणि एक घेऊन थांबायचं नाही, सगळा कोर्स पुरा करायचा. पिल्लू आहे म्हणून काय झालं, रेबीज झाला तर पुढे औषध नाही. गेली ती. नंतर ते पिल्लू मेलं असं कळलं, कशानं कुणास ठाऊक.

भांडणं पण होतात, ती पण सांगते, नाहीतर वाटेल आम्ही सगळ्या संत सखू. मोठं भांडण झालं ते पोपटावरून. एकीनं आठवडी बाजारातून पोपट आणला, पिंजऱ्यात, हिरवा, लाल चोचीचा, गळ्याला पट्टा. फोटो टाकला, मिठू म्हण विठू म्हण. आम्हाला पण आनंद झाला कारण लहानपणी प्रत्येक वाड्यात ओसरीवर पिंजरा असायचाच, आमच्या आज्जीचा पोपट तर मला नावानं हाक मारायचा. पण एकीचा मुलगा वकील आहे, तिनं लिहिलं की आपले देशी पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, म्हणजे आपण शाळेत जायच्या आधीपासूनचा. झालं. मग शब्दाला शब्द, 'तुझ्या मुलाला सांग आधी बाजार बंद करायला', 'अगं मी तुझ्या भल्याचं सांगतेय', 'मला एकटीला घरात बोलायला कोणी नाही म्हणून आणला, तुमच्यासारखं भरलेलं घर नाही माझं'. हे शेवटचं वाक्य आलं आणि सगळ्या गप्प झाल्या. ती ग्रुप सोडून गेली. पाच महिने आली नाही. पोपट तिनं नंतर वनखात्याच्या माणसांकडे दिला, ते तिनंच परत आल्यावर सांगितलं, पण परत आली ती पोपटामुळे नव्हे, वकील मुलाची आई तिच्या घरी जाऊन चार दिवस राहिली म्हणून. दोघींनी मिळून क्रोशाचा रुमाल केला असं कळलं. रुमाल वाईट आहे दिसायला, फोटो आलाय.

पण मला मुख्य सांगायचंय ते लातूरवालीचं. तिला विचारून लिहितेय.

लातूरचं २०१६ सगळ्यांना आठवत असेल. नळाला पाणी नाही, पाणी भरायच्या जागी १४४ कलम लावलं होतं गर्दी नको म्हणून, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा टँकरचे डबे, पाच लाख लिटर. तेव्हा आमच्या ग्रुपवर मिरजवालीनं चिडवलं होतं, आता तू आमच्या नळाचं पाणी पितेस, जरा नमून वाग. लातूरवालीची गच्चीत मोठी बाग होती, ऐंशी-नव्वद कुंड्या असतील, जास्वंदीच सात रंगाच्या. त्या उन्हाळ्यात सगळी बाग गेली. रोज एकेक कुंडी रिकामी केल्याचं लिहायची, म्हणजे तसं लिहायची नाही, आज मोगरा, आज शेवंती, एवढाच शब्द. त्यातलं एकच झाड वाचलं, कढीपत्ता, रंगाच्या जुन्या डब्यात लावलेला. का वाचलं तर दाजींमुळे. दाजी म्हणजे तिचे मिस्टर, बँकेत होते. ते रोज तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी एका तांब्यात साठवायचे आणि संध्याकाळी त्या एका डब्यात ओतायचे. ती म्हणायची अहो जास्वंदीला घाला निदान, फूल तरी येईल. ते म्हणायचे फूल नको, फोडणी पाहिजे.

दाजी २०२१ च्या एप्रिलात गेले, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. तीन दिवस दवाखान्यात होते. कुणाला जाता आलं नाही, तिला पण नीट बघता आलं नाही. ग्रुपवर काय करणार, सगळ्यांनी हात जोडले, भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं, आणि मग कुणालाच पुढे काय लिहावं ते सुचेना. आपल्याकडे शिकंजीचे फोटो टाकायची पण लाज वाटायला लागली, तिच्यावर असं झालंय आणि आपण काय कुत्र्याचं. ग्रुप तीन महिने जवळजवळ मुका. फोन केला तर ती हो-नाही करायची आणि 'कुकर लावलाय' म्हणून ठेवायची.

जुलैत, पाऊस चांगला लागला होता, दुपारी तीनच्या सुमारास तिचा फोटो आला. कढीपत्त्याची फांदी, पानं कुरतडलेली, आणि पानावर पक्ष्याची शीट पडावी तसं काहीतरी, काळं-पांढरं, ओलसर. खाली लिहिलं होतं, 'झाडाला हे काय झालंय, काय मारू'.

तीन महिन्यांनी पहिला मेसेज. आणि काय सांगू तुम्हाला, सगळ्या तुटून पडल्या. कडुलिंबाचं तेल फवार. साबणाचं पाणी मार. राख टाक. आंबट ताकात हिंग. मी पण काहीतरी लिहिलं, तंबाखूचं पाणी बहुतेक. कशी आहेस, जेवतेस का, असलं एकीनं पण विचारलं नाही, सगळ्या त्या फांदीवर. आणि मग ठाणेवालीचं आलं, तीन उद्गारचिन्हं देऊन, थांब काही मारू नकोस.

ही ठाणेवाली रिटायर झाल्यापासून फुलपाखरांच्या मागे असते, रविवार उजाडला की घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीत कॅमेरा घेऊन हजर. तिनं सांगितलं की ती शीट नाही, अळी आहे, कॉमन मॉरमॉन नावाच्या फुलपाखराची. लहान असताना मुद्दाम शीटेसारखी दिसते म्हणजे पक्षी खात नाहीत. लिंबावर, कढीपत्त्यावर, असल्याच झाडांवर होते. मोठी झाली की हिरवी होईल, बघ. आणि बोट लावून बघ हळूच, शिंगं काढते.

लातूरवालीनं लिहिलं, 'बोट लावलं. लाल शिंगं काढली. घाण वास आला.' आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. तीन महिन्यांनी.

मग रोज. सात अळ्या होत्या, मोजून लिहिलेलं. चौथ्या दिवशी दोन कमी, बुलबुल घेऊन गेला डोळ्यांदेखत, तिनं बुलबुलाला शिव्या घातलेल्या आम्ही सगळ्यांनी वाचल्या. उरलेल्या हिरव्या झाल्या, इतक्या हिरव्या की फोटोत शोधायला लागायच्या, इंदूरवाली लाल गोल करून पाठवायची, ही बघ ही. झाडाचं पार खराटं झालं. मिरजवालीनं घाबरत विचारलं, अगं झाड राहील ना? तर म्हणे राहील, तेवढ्या पाण्यावर राहिलेलं आहे ते. एक अळी वाळून गेली. एक भिंतीवरून कुठे गेली ती सापडलीच नाही. तीन कोश झाले, दोन हिरव्या देठांवर हिरवे आणि एक डब्याच्या कडेला तपकिरी, जिथे बसली त्याचा रंग घेतात म्हणे. आणि कोश नुसता लटकत नाही, पाठीमागून एक बारीक धागा बांधलेला असतो, विजेच्या खांबावर चढलेल्या वायरमनचा पट्टा असतो ना, तसा, आणि तो मागे रेलून असतो. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, तेही लातूरच्या गच्चीतलं, डोंबिवलीत बसून.

दहा-अकरा दिवसांनी पहाटे तिचा मेसेज, कोश काळा पडलाय, मेलं वाटतं. ठाणेवाली म्हणाली मेलं नाही, आतले पंख दिसतायत, तिथून हलू नकोस. ती हलली नाही. चहा पण नाही केला. सकाळी सातच्या पुढे एक बाहेर आलं, ओलं, चुरगळलेलं, धुवून पिळलेल्या रुमालासारखं, आणि तासभर नुसतं लटकून राहिलं. मग उडालं. ती मादी होती, पंखावर लाल ठिपके, तिनं दुसऱ्याच फुलपाखराचं सोंग घेतलेलं असतं, पक्ष्यांना जे खायला नको वाटतं त्याचं. दुसरं त्याच दिवशी दुपारी. तिसऱ्याचा एक पंख वाकडाच राहिला, ते उडालं नाही, त्याला तिनं साखरपाणी दिलं कापसावर आणि ते चार दिवस तिच्या खिडकीत राहिलं.

त्या रात्री तिनं लिहिलं, 'हे झाड ह्यांनी जगवलं होतं'. आणि मग ती बोलायला लागली, दाजींबद्दल, त्या तीन दिवसांबद्दल, दवाखान्यातून आलेल्या पिशवीत चष्मा नव्हता त्याबद्दल, रात्री एक वाजेपर्यंत टाईप करत होती आणि आम्ही वाचत होतो.

आता त्या गृहस्थांना माझं म्हणणं एवढंच, की 'काय मारू' ह्या प्रश्नाला उत्तर देता येतं. 'भावपूर्ण श्रद्धांजली'ला काय उत्तर देणार? सुप्रभातच्या गुलाबाला काय उत्तर देणार, दुसरा गुलाबच ना.

त्यांचं काही बरोबर आहे ते पण मान्य करते. मोबाईलची मेमरी फुल होते. एका रांगोळीचे अकरा फोटो कुणाला लागतात, आमच्यात एक टाकते, उजवीकडून, डावीकडून, पणती लावून, पणती न लावता. पहाटे पाचला आवाज होतो. आणि एक गोष्ट मला जास्त खुपते, की काही जणी वर्षानुवर्षं काहीच टाकत नाहीत. त्यांना वाटतं आपल्याकडे दाखवण्यासारखं काही नाही, घर लहान आहे, मुलगा बोलत नाही, नवरा पितो, तिथे कसली जास्वंद. बाकीच्यांचं बघून अजूनच वाटत असेल. पोपटवाली तेच म्हणाली होती. ह्याला आमच्याकडे उपाय नाही. मिरजवाली दर महिन्याला अशा दोघीतिघींना फोन करते आणि विचारते, आज डब्याला काय केलं होतंस, तेवढंच. कधी कधी एखादी बोलते.

आणि जाता जाता तुमच्याकडे पण वळते साहेब, राग मानू नका. तुमच्या पुरवणीत पाळीव प्राणी म्हणून पान येतं त्यात कुठल्या हिरॉइनचं कुत्रं कुठल्या जातीचं आणि त्याचा वाढदिवस कसा झाला. छंद म्हणून येतं त्यात दहा हजाराचं सामान आधी आणायला लागतं. त्यापेक्षा आतल्या पानावर चार बोटं जागा द्या, वाचकांना सांगा स्वतःच्या घरातलं, स्वतः बघितलेलं, पाच ओळीत पाठवा. बक्षीस नको, फोटो नको. कोकणातला माणूस लिहील की पहिला आंबा कधी लागला, नागपूरचा लिहील संत्र्याला बहार आला, कुणी लिहील हार्मोनियम शिकतोय आणि शेजारी भिंत वाजवतात. दोन महिने चालवून बघा, नाही चाललं तर बंद करा, तसं पण तिथे सोन्याचे भाव असतात ते सगळे मोबाईलवर बघतात.

नमुना म्हणून माझंच घ्या. आमच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीला मनीप्लांट चढलाय त्यात बुलबुलानं घरटं केलंय, वाटीएवढं, काड्या आणि प्लास्टिकच्या पिशवीची एक निळी चिंधी. आज दहावा दिवस. मिस्टरांनी गॅलरीचा दिवा काढून ठेवलाय, कपडे सोफ्यावर वाळतात, पाहुणे आले की उभे राहतात. लातूरवालीला फोटो पाठवला तर म्हणे हाच तो चोर असेल, चोचीत काय आणतोय बघून ठेव. अंडी तीन होती, काल संध्याकाळपासून दोनच दिसतायत. समोरच्या बिल्डिंगवर एक कावळा असतो, त्याच्यावर संशय आहे.

आपली,
एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)